दोन काढे

८ फेब्रुवारी, शनिवार
मैत्रेयीच्या चादरीवर आज पुन्हा रक्ताचे ठिपके. धुवायला टाकली. कोपराच्या खळगीत, मानेवर, आता पापण्यांवरही. वीस वर्षांची पोर हातमोजे घालून झोपते. युनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून क्रॉयडनला घरी येऊन बसलीय. एक्झिमा लहानपणापासूनचाच, पण असा कधी नव्हता.

हॉस्पिटलच्या गोळ्यांनी बी.पी. वाढलं म्हणून त्या बंद. आता इंजेक्शनचं सुचवलंय. यादीत नाव आहे, फोन येईल म्हणतात. कधी ते कुणीच सांगत नाही.

दुपारी जेवताना म्हणाली, "मी एक चायनीज डॉक्टरकडे बुकिंग केली. हर्बल."
मिलिंदने चमचा खाली ठेवला. "पुरावा काय?"
"बाबा, माझं स्किन पुरावा आहे. तुमच्या औषधांचा."


१५ फेब्रुवारी, शनिवार
गेले तिच्याबरोबर. ट्राम स्टॉपपासून जवळच, एका चष्म्याच्या दुकानावर. मला वाटलं होतं ड्रॅगन, लाल कंदील असलं काहीतरी असेल. साधी खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर रजिस्टर केल्याचं सर्टिफिकेट. बाई साठीच्या असाव्यात. मिसेस लिन. आमच्या घरात एव्हाना लिनबाई झाल्यात.

जीभ बघितली. बराच वेळ. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटले. मग प्रश्न. तहान लागते का, गार हवं की कोमट? खाज उन्हात वाढते की पावसात? पाळी? झोप? राग येतो का? मै. म्हणाली, "ऑल द टाइम." त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

मग समजावून सांगितलं, मला जेवढं कळलं तेवढं: आत उष्णता आहे, तिच्यावर ओल साचलीय, म्हणून त्वचेतून पाणी झरतं. खाज जागा बदलते, तो वारा. "मी एक्झिमाला औषध देत नाही, हिला देते. दुसरी मुलगी हाच एक्झिमा घेऊन आली तर तिची पुडी वेगळी." दर पंधरवड्याने जीभ-नाडी बघून पुडी बदलायची. एक मुख्य वनस्पती, तिला जोर देणारी दुसरी, तिचा त्रास कमी करणारी तिसरी, सगळ्यांना सांभाळून नेणारी चौथी.

मी लॅबमधली बाई. वारा, ओल ऐकून हाताच्या मुठी वळल्या होत्या. पण निघताना त्याच म्हणाल्या, "आधी लिव्हर आणि किडनीची ब्लड टेस्ट. रिपोर्ट आल्याशिवाय काही देणार नाही. मग दर महिन्याला."
हे अपेक्षित नव्हतं. बरं वाटलं, आणि मग वाटलं, टेस्ट करायला सांगतात म्हणजे भिण्यासारखं काहीतरी आहेच.

२३ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट नॉर्मल. जीपीने (आमचा फॅमिली डॉक्टर) कपाळाला आठ्या घालून का होईना, लिहून दिली होती.
पुड्या आल्या. मुळं, साली, वाळकी फुलं. आई (नागपूरहून जानेवारीत आलीय, जुलैपर्यंत आहे) चष्मा लावून एकेक निवडत बसली, तांदूळ निवडावेत तशी. ज्येष्ठमध ओळखला. मग एकदम हात मागे.
"अगं बाई, हे किडे होय?"
झुरळाएवढी पोकळ टरफलं. लिनबाईंना फोन. रातकिड्यासारखा एक मोठा किडा असतो, त्याची टाकलेली कात. खाजेवर देतात. किडा मारत नाहीत, तो आपला निघून गेलेला असतो.
आईचं समाधान झालं. "मग चालते. जीव नाही घेतला न."
घरभर वास. जळक्या मातीचा आणि बीटाचा. मै.ने नाक दाबून कप संपवला आणि सिंकवर वाकून उभी राहिली. उलटी झाली नाही.

३ मार्च, सोमवार
वाढलंय. गाल लालबुंद, मानेतून पाणी. मि. म्हणतो, बंद करा. लिनबाई म्हणतात, फोटो पाठवा. फोटो बघून त्यांनी दोन गोष्टी काढल्या, एक घातली. "घाई झाली माझी. हळू जाऊ या."
चूक झाली म्हणाल्या की नाही? तसंच ना ते?
कामावर लक्ष नाही. एका रॅकचं लेबल उलटं स्कॅन केलं. ग्रेसने पकडलं. ग्रेस माझी सीनियर, घानाची, काही सुटत नाही तिच्या नजरेतून. "गो होम अर्ली," म्हणाली. नाही गेले. घरी जाऊन काय, तिच्या मानेकडेच बघणार.

१८ मार्च, मंगळवार
महिन्याची टेस्ट. नॉर्मल.
आणि कोपराच्या खळगीतली त्वचा कोरडी पडलीय, चिरा नाहीत. मी बोट फिरवलं. तिने फिरवू दिलं. कित्येक महिन्यांनी.
लिहायला भीती वाटते. लिहिलं की बिघडेल असं काहीतरी. मि.ला हे सांगितलं तर तो हसेल. त्याच्यासमोर दृष्टबिष्ट शब्द काढायचा नाही. जन्मभर ज्याने सभांमधून अंधश्रद्धेवर भाषणं केली त्याची मी बायको.

२९ मार्च, शनिवार
लिनबाईंकडे. पायावर अजून एक हट्टी पट्टा आहे, त्यासाठी नवीन साल घातली. एका झुडपाच्या मुळाची. नाव पुन्हा पुन्हा विचारलं, बाई-शियेन-पी असं काहीतरी. म्हणाल्या, ही प्रभावी आहे पण हिच्यावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून थोडीच. थकवा आला, भूक गेली, लघवी गडद झाली तर लगेच थांबवायचं आणि मला कळवायचं. मै. "येस येस" म्हणत होती. ऐकत होती का?

घरी आईचं वेगळंच. नातीला गुण येतोय तर आपणही हातभार लावावा असं तिला वाटतंय. नागपूरहून आणलेली गुळवेल काढलीय. रोज सकाळी उकळून सगळ्यांना अर्धा अर्धा कप. "रक्त साफ होते." मी नाही घेत, मला कडू सोसत नाही. मि. आणि मै. घेतात. किचनमध्ये आता दोन भांडी, दोन वास.

१३ एप्रिल, रविवार
जयंतीचा कार्यक्रम आजच केला, उद्या सोमवार म्हणून. शाळेचा हॉल, नेहमीचाच. इल्फर्डहून, बेसिंगस्टोकहून सगळे. मैत्रेयी अर्ध्या बाह्यांचा पांढरा कुर्ता घालून आली. अर्ध्या बाह्या! बायका माझा हात धरून विचारत होत्या, काय केलंत, काय केलंत. मि. भाषण करून खाली उतरला तर त्याला कुणीतरी म्हणालं, "सर, तुमची मुलगी किती छान दिसतेय." त्याने वळून तिच्याकडे बघितलं.
गाडीत म्हणाला, "मला अजूनही कळत नाही ते कसं काम करतं."
मै. मागून: "मला पण नाही कळतो. सो व्हॉट."
तिघंही हसलो. आई झोपली होती.
मै.ने जेवणाचं ताट अर्धं ठेवलं होतं. गर्दीत झालं असेल.

२२ एप्रिल, मंगळवार
ईस्टरची सुट्टी संपली. मै. दुपारपर्यंत झोपून. "टायर्ड आहे, बस्." कॉलेज पुन्हा सुरू करायचं टेन्शन असेल, असं आई म्हणते. आज जेवली नाही. वरणाचा वास नको म्हणाली.
भूक. थकवा.
लघवीचा रंग विचारला तर, "आई, इऽऽ! प्लीज."
टेस्ट तशीही ड्यू आहे. परवाची अपॉइंटमेंट घेतली.

२४ एप्रिल, गुरुवार
सकाळी जीपीकडे रक्त दिलं. दुपारी मी कामावर. आमच्या भागातल्या सगळ्या जीपींकडचं रक्त आमच्याच लॅबमध्ये येतं, हे मला काय आजच कळलं का? तरी रॅकमध्ये तिचं आडनाव, जन्मतारीख दोनदा वाचली. पिवळसर सीरम. किंचित जास्तच पिवळं. की मलाच तसं दिसलं.
घरच्यांचं सॅम्पल हाताळायचं नाही, रिपोर्ट उघडायचा नाही. नोकरी जाते. आणि नियम बरोबर आहे, मीच नवीन लोकांना शिकवते.
ग्रेस शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, ट्यूबकडे बघितलं. "ही रॅक माझी. तू जा, चहा पी."
"ग्रेस, फक्त..."
"जा, डार्लिंग."
कँटीनमध्ये बसले. चहा तसाच. परत आले तेव्हा ती फोनवर होती, पाठ माझ्याकडे. आम्ही फोन कधी करतो ते मला माहीत आहे. वाट बघण्यासारखा आकडा नसतो तेव्हा.
 

२४, संध्याकाळी
जीपीचा फोन मैत्रेयीला. स्पीकरवर घेतला. लिव्हरचा आकडा, एएलटी, चाळिशीच्या आसपास हवा तो चारशेच्या वर, बिलिरुबिनही वाढलेलं. सगळ्या हर्बल गोष्टी आत्ताच्या आत्ता बंद. उद्या सकाळी हॉस्पिटल.
खिडकीपाशी नेऊन तिचे डोळे बघितले. पांढऱ्याला पिवळी झाक. सकाळी का नाही दिसली मला? रोज दुसऱ्यांच्या ट्यूबा उजेडात धरते मी.
मि.ने काढ्याचं पातेलं उचलून बागेत ओतलं. 

२५ एप्रिल, शुक्रवार
हॉस्पिटल. पुन्हा रक्त, सोनोग्राफी. रक्त गोठण्याची टेस्ट ठीक आहे. तिलाच मी सगळ्यात भीत होते. ती बिघडली की लिव्हर हात टेकतं. व्हायरसचे रिपोर्ट यायचेत. तरुण डॉक्टर, शांत. विचारलं, आणखी काही घेतेस का? पॅरासिटामॉल, प्रोटीन पावडर, जिमचं काही?
"नो. जस्ट द चायनीज हर्ब्स."
मी मान हलवली. हो, तेवढंच.
घरी सोडलं, दर दोन दिवसांनी टेस्ट.

२६ एप्रिल, शनिवार
लिनबाई घरी आल्या. मी बोलावलं नव्हतं, मैत्रेयीने कळवलं होतं. मि. दारातच उभा. मला वाटलं आत घेणार नाही. घेतलं.
त्यांनी आजपर्यंतच्या प्रत्येक पुडीतली नावं हॉस्पिटलसाठी लिहून आणली होती, लॅटिन नावांसकट. त्या सालीवर खूण केलेली. "हिच्यामुळे असं झाल्याच्या नोंदी आहेत. मी थोडी दिली, तरी दिली मीच. डॉक्टरांना हे आजच द्या."
मि. म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं, तरी दिलीत?"
"हो. तुमच्या हॉस्पिटलच्या गोळ्यांनी बी.पी. वाढतं हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून आम्ही दोघेही टेस्ट करतो." आवाज चढला नाही.
मग त्या मै.कडे वळल्या. जीभ नाही बघितली. विचारलं, "उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात जातं, सगळं सांग. पाणी धरून."
मै. सांगायला लागली. "सकाळी आजीचा कप, मग टोस्ट..."
"आजीचा कप म्हणजे?"
सगळे आईकडे बघायला लागले. आई दारात, हातात नातीसाठी केलेली मऊ खिचडी.
"गुळवेल हाय ते. औषध थोडंच हाय? आपलंच हाय."

फोनवर शोधलं. गुळवेलीनेही लिव्हरला त्रास झाल्याचे पेशंट भारतात सापडलेत. मी रोज लॅबमध्ये अशाच गोष्टी शोधते आणि ती माझ्याच ओट्यावर उकळत होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं तेव्हा मी मान हलवली. गुळवेल आठवलीसुद्धा नाही. लपवली असती तर निदान ठाऊक तरी होती म्हणता आलं असतं.
मि. स्वतः तोच कप पीत होता. पुरावा मागितला नव्हता.
हॉस्पिटलला फोन करून कळवलं. मि.चंही रक्त तपासायचं ठरलं.

३० एप्रिल, बुधवार
आकडा अजून वर. थांबवल्यावरही काही दिवस वाढू शकतो म्हणतात. मलाही माहीत आहे. माहीत असून काय.
मि.चा रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे गुळवेल निर्दोष? म्हणजे काहीच नाही, म्हणाले डॉक्टर, एकाला बाधतं, दुसऱ्याला नाही.
आई जेवत नाहीये. खोलीतून बाहेर येत नाही. "मी पोरीले मारलं असतं," एवढंच. मै. जाऊन तिच्या कुशीत झोपली. "आजी, तू नाही केली. कोणी नाही केली." आईने तिच्या केसांतून हात फिरवला, पण डोळे भिंतीवर.

६ मे, मंगळवार
उतरला! फार नाही, पण उतरला. व्हायरस सगळे निगेटिव्ह.
स्पेशालिस्टना मि.ने सरळ विचारलं, "दोन्हींपैकी कशामुळे, साल की गुळवेल?"
"मिस्टर गजभिये, नाही सांगता येणार. दोन्ही साधारण एकाच वेळी सुरू झाली, दोन दिवसांच्या फरकाने थांबली. एक असेल, दुसरं असेल, दोन्ही मिळून असेल."
"मग कळणार कसं?"
"पुन्हा देऊन बघितलं तर. ते आम्ही करणार नाही."
येताना मि. गाडीत बराच वेळ किल्ली न फिरवता बसला होता. त्याला उत्तर लागतं. आयुष्यभर त्यावर उभा आहे तो.

१४ मे, बुधवार
डोळे पांढरे झाले. भूक आली, पराठा मागितला.
आणि मानेवर लाल पट्टा. पापणीला सूज. आलंय परत.
आज ती माझ्यावर ओरडली. "तुम्ही सगळे नंबर बघतात. नंबर खाली आला की हॅपी. मी या स्किनच्या आत राहते, आई! तुम्ही नाही राहत!"
मी म्हटलं, लिव्हर गेलं असतं तर.
"आय नो! मला माहीत आहे! तरी पण मला ते दोन महिना परत पाहिजे."
दार आपटलं. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. तीन पिढ्या एका छोट्याशा घरात, आणि कुणाला कुणाचं काही करता येत नाही.

२५ मे, रविवार
आईने उरलेली गुळवेल स्वतः उचलून बाहेर टाकली. मी टाकू नको म्हटलं नाही, टाक म्हटलं नाही. मग विचारते, "ते चिनी बाई रागावली नसन न माझ्यावर?"
"तुझ्यावर कशाला?"
"तिचं नाव खराब झालं न. माह्या कपापायी असन तर?"
मला हे सुचलंच नव्हतं. लिनबाईंनी त्यांच्या रजिस्टरवाल्यांना आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याला स्वतःच कळवलंय. ती साल वापरणं बंद केलंय, कुणालाही. चौकशी होईल म्हणतात. गुळवेलीचंही कळवलं हॉस्पिटलने, पण चौकशी कुणाची करणार? आईची?

७ जून, शनिवार
हॉस्पिटलचा फोन. इंजेक्शनला मंजुरी. लिव्हर पूर्ण नॉर्मल राहिलं की जुलैत सुरू करता येईल. मि. उठून उभाच राहिला. मै. फोनवर "थँक यू, थँक यू सो मच" म्हणाली आणि ठेवल्यावर फोनकडेच बघत राहिली.
"काय गं?"
"डोळ्यांना त्रास होऊ शकतो म्हणतात. आणि किती वर्षं घ्यायचा, कोणाला माहीत नाही." मग, "लिनकडे मी बेटर होते ना? खरंच होते ना आई? की मला वाटली?"
"होतीस."
खोटं बोलता आलं नाही. बोलायला हवं होतं का?

१५ जून, रविवार
आकडे नॉर्मल. सगळेच.
मि. आणि मै. दुपारभर किचनमध्ये. भांडण नव्हे. तो विचारतोय, ती बोलतेय. तो म्हणाला, "चीनमध्ये पूर्वापार घेतात म्हणून मी मानणार नाही, आणि आपल्याकडे घेतात म्हणूनही आता मानणार नाही. पण तू दोन महिने बरी होतीस हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते नाही कसं म्हणू?"
"मग काय करू, बाबा?"
"निर्णय तुझा."
वीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला त्याचा इतका राग आला. निर्णय तिचा कसा? तिचं लिव्हर, हो. पण आकडा वाढला की कँटीनमध्ये कोण बसणार?

२१ जून, शनिवार
आज ती लिनबाईंकडे गेली. "फक्त बोलायला," म्हणाली. मी ट्राम स्टॉपपर्यंत सोडते म्हटलं, मग दारापर्यंत, मग वर जिन्यापर्यंत. तिथे थांबवलं तिने. "आई, आत मी एकटी."
जिन्यात उभी राहिले. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी फ्रेम घालून आरशात बघत होतं. दारातून आवाज येत होता, शब्द नाही. लिनबाईंचा सावकाश, मग हिचा. मग बराच वेळ काहीच नाही. मनगटावर बोटं असतील. किंवा दोघी नुसत्या बसल्या असतील. एकदा हिचं हसू ऐकू आलं, अगदी मोकळं.
बाहेर आल्या. लिनबाईंनी माझा हात हातात घेतला. मला क्षणभर वाटलं नाडी बघतायत, पण नुसताच धरला होता. "आज मी काही दिलेलं नाही," म्हणाल्या. 'आज' या शब्दावर त्यांनी जोर दिला की नाही, कळलं नाही.

ट्राममध्ये मै. खिडकीकडे तोंड करून. गळ्याशी खाजवत होती, हळूच, मला दिसू नये असं.
"काय ठरलं?"
"घरी गेल्यावर सांगते. सगळ्यांना एकत्र."

घरी येऊन अर्धा तास झाला. ती आंघोळीला गेली. मि. पेपर हातात घेऊन बसलाय, पान उलटत नाहीये. आईने तिघांना चहा केला, चौथा कप झाकून ठेवलाय.  मी हे लिहितेय कारण हातांना दुसरं काही सुचत नाही.
वर नळ बंद झाला. दार उघडलं. जिन्यावर तिची पावलं. वही मिटते.